चुकीला पेरू

आमच्या सरांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी सापडलं नाही. तिथे कापसाचं बूच लावलेल्या दोन टेस्टट्यूब असत आणि पँटच्या खिशात पेरू. पेन लागलं की ते पहिल्या बाकावरून मागून घेत आणि तास संपला की स्वतःच्या कानावर अडकवून निघून जात. मी तीन वर्षं पहिल्या बाकावर बसले. माझी पेनं गेली ती गेलीच.

सोनईजवळच्या आमच्या कॉलेजात ते सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. गावात सगळे त्यांना जंतूसर म्हणत. तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग येत नसे, पण दुरुस्ती केल्याशिवाय पुढेही जात नसत. "जंतू म्हणू नका हो, जिवाणू म्हणा. जंतू म्हटलं की त्यांना वाईट वाटतं." एकदा बसस्टँडवर एका म्हाताऱ्याला त्यांनी हे सांगितलं, तर तो बिचारा इकडेतिकडे बघत राहिला. वाईट कुणाला वाटलं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

पेरूची भानगड अशी होती. सरांचं गाव पुणतांबा. गोदावरीच्या काठाला त्यांची थोडी जमीन आणि पेरूची बाग होती. सोमवारी ते गावाहून येताना पिशवीभर पेरू आणत, आणि आठवडाभर त्यांचा एकच नियम चाले. सरांची चूक जो पकडेल त्याला पेरू. वर्गातल्या फळ्याचा उजवा कोपरा त्यासाठी राखीव होता. तिथे खडूने लिहिलेलं असे, चूक काय, कुणी पकडली, आणि शेवटी 'पेरू दिला'. तो कोपरा पुसायची कुणाला परवानगी नव्हती. उन्हाळ्यात पेरू मिळत नसत तेव्हा सर चिक्कू देत, पण फळ्यावर मात्र 'पेरू दिला' असंच लिहीत.

मी पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला जायचे म्हणून शिकायला सोनईत मावशीकडे राहिलेली. माझं बोलणं ऐकून बाकीच्या मुली हसतील या भीतीने मी पहिले दोन महिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. एक दिवस सरांनी फळ्यावर जिवाणूंची चित्रं काढली आणि मोत्यांच्या माळेसारख्या गोल जिवाणूंना ऐटीत एकेक शेपटी काढली. सगळे मुकाट्याने वहीत उतरवून घेत होते. माझ्याच्याने राहवेना. "सर, ह्यांना शेपटी नस्ती ना?" वर्ग हसला. सरांनी खिशातून पेरू काढला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातात दिला. त्यांनी ती शेपटी मुद्दाम काढली होती असा मला आजही संशय आहे. विचारलं तेव्हा म्हणाले, "एवढा हुशार असतो तर पेरू विकले नसते का?"

खिशातल्या ट्यूबमध्ये असायचे अझोटोबॅक्टर. हवेतला नायट्रोजन धरून जमिनीला देणारे हे जिवाणू. शेतकरी बियाण्याला चोळतात त्या पाकिटातले. सरांनी तरुणपणी आपल्याच बागेतल्या मातीतून ते वेगळे केले आणि तेव्हापासून दर महिन्याला जुन्या ट्यूबमधून नव्या ट्यूबमध्ये हलवत जिवंत ठेवले होते. वीज गेली की फ्रिज बंद पडतो, म्हणून दोन ट्यूब कायम अंगावर. लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सर मांडवातून गायब झाले. शोधाशोध झाली. शेवटी सापडले ते स्वयंपाकाच्या शेगडीशेजारी, जाळावर तार लाल करून जिवाणू नव्या ट्यूबमध्ये हलवताना. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, काय बोलायच्या त्या बोलल्या. सरांचं उत्तर ठरलेलं होतं, "लेक सासरी जाऊन सुखात राहील. ह्यांना माझ्याशिवाय कोण आहे?"

मी शेवटच्या वर्षाला गेले आणि प्रोजेक्टसाठी सरांच्या वाट्याला आले. त्याच वर्षी मे अखेरीला सर निवृत्त होणार होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आणि लॅबमधल्या मामांना समोर बसवलं. मामा म्हणजे आमचे अटेंडंट. सरांइतकीच त्यांची नोकरी झालेली, आणि सरांचं कुठलंही बोलणं त्यांना नवीन नव्हतं.

"परदेशातल्या लोकांनी एक मजा दाखवलीय," सर म्हणाले. "आपल्या ह्या अझोटोबॅक्टरकडं नायट्रोजन फोडायचं एक एन्झाइम असतं. त्याच एन्झाइमला कार्बन मोनॉक्साईड दिला, तर ते त्याचे हायड्रोकार्बन करतं. इथिलीन, इथेन, प्रोपेन. चुलीतल्या विषारी वायूचं इंधन! आणि हे कोण करतं? माझ्या पेरूच्या मुळाशी राहणारं पोरगं!"

मामांनी विचारलं, "मंग इतकी वर्सं का न्हाई केलं त्यानं?"

"गहू घरात असताना बाजरी कोण दळतं? ह्याच्याकडं तसली दोन एन्झाइमं आहेत. एक मॉलिब्डेनम धातूवर चालतं, एक व्हॅनेडियमवर. मॉलिब्डेनम मिळतो तोवर हा दुसरं बाहेरच काढत नाही. आणि हे काम जमतं त्या दुसऱ्याला. म्हणजे आपण काय करायचं?"

"गहू लपवायचा," मामा म्हणाले.

सर इतके खूश झाले की चूक नसतानाही त्यांनी मामांना पेरू दिला.

गहू लपवणं म्हणजे काय ते मला पुढे कळलं. मॉलिब्डेनमचा कण काचेला चिकटलेला असला तरी हा जिवाणू तो हुडकून काढतो. म्हणून प्रत्येक बाटली आम्लाने तीनदा धुवायची, मग शुद्ध पाण्याने पाचदा. माझ्या बोटांची सालटी निघाली. मावशी म्हणायची, "शिकायला गेलीस का भांडी घासायला?" मी म्हणायचे, दोन्ही एकच आहे.

खरी अडचण पुढेच होती. इथिलीन झालं की नाही ते कळणार कसं? त्यासाठी लागणारं यंत्र आमच्या कॉलेजात नव्हतं, आणि जिथे होतं तिथे आम्हाला कुणी दारात उभं केलं नसतं. सरांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी ते हिरव्या केळ्यांची फणी घेऊन आले आणि टेबलावर ठेवत म्हणाले, "हे आपलं यंत्र." इथिलीनने फळ पिकतं. कच्चं केळं बाटलीत ठेवायचं, पिवळं झालं की समजायचं जिवाणूंनी काम केलं. मला आजही वाटतं, त्या क्षणी त्यांच्याइतका हुशार माणूस जिल्ह्यात नसेल.

केळी द्यायचे बागवानचाचा. बाजारपेठेत त्यांची फळांची वखार होती. सरांना एकाच घडातली, एकाच दिवशी उतरवलेली केळी लागायची आणि ते प्रत्येक केळं भिंगातून बघून घ्यायचे. चाचा गिऱ्हाइकांना सांगायचे, "थांबा जरा, सर पोरगी बगायला आलेत."

राहिला कार्बन मोनॉक्साईड. सर म्हणाले, तो तर फुकट उडून चाललाय, धुरात. जवळच एक गुऱ्हाळ होतं, तिथे कढईखाली ओलसर चिपाडं कोंदटून जळत. सरांनी ट्रॅक्टरच्या चाकाची जुनी ट्यूब घेतली, पंप उलटा जोडला आणि धुराड्यातला धूर ट्यूबमध्ये भरला. मग ती फुगलेली ट्यूब गळ्यात घालून, तोंडाला रुमाल बांधून, स्कूटरवरून भर बाजारातून कॉलेजात आले. मी मागे बसले होते. माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली नेमक्या त्या दिवशी बाजारात होत्या. धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं मला वाटत होतं आणि सर पुढून मोठ्याने सांगत होते, "घट्ट धर गं, आपल्या गळ्यात इंधन आहे!"

आम्ही दोन बाटल्या लावल्या. एकीत जिवाणू आणि धूर. दुसरीत जिवाणू आणि साधी हवा. दोन्हीत एकेक हिरवं केळं, ओल्याला लागू नये म्हणून दोऱ्याने टांगलेलं. चार दिवसांनी धुराच्या बाटलीतलं केळं पिवळंधमक झालं आणि दुसरं तसंच हिरवं राहिलं. सर बाटलीसमोर स्टूल टाकून बसले. मग मामांना म्हणाले, "आयुष्यभर ह्यांना खिशात घेऊन फिरलो. आज ह्यांनी नाव काढलं." मला त्यांचा चेहरा बघवेना, इतका तो आनंदाने हललेला होता. निवृत्त व्हायच्या आधी एवढंच एक त्यांना हवं होतं. आपल्या मातीतला हा जिवाणू ते करतो की नाही, हे एकदा नक्की कळावं.

विज्ञान दिनाला हॉल भरला. प्राचार्यांनी सरांना शाल घातली, पाहुण्यांनी 'आपल्या ग्रामीण भागातून' अशी सुरुवात करून अर्धा तास भाषण केलं. टेबलावर एक पिवळं आणि एक हिरवं केळं, बाटल्यांत. केळी पुरवली म्हणून सरांनी बागवानचाचांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. टाळ्या थांबल्या तेव्हा सरांनी सवयीने खिशातून पेरू काढून वर धरला. "चूक सापडली तर पेरू!"

सगळे हसले. चाचांनी हात वर केला.

"सर, मापी असावी. पन धुरानं केळं पिकतंच की. आमचे अब्बा वखारीत हेच करायचे. खोली बंद करून घडांना धुरी द्यायची, तीन दिसांत सोनं. तुमच्या त्या किड्यांनी काय केलं त्यात?"

प्राचार्य पाहुण्यांकडे बघू लागले, पाहुणे शालीकडे. मला आधी चाचांचा राग आला आणि मग स्वतःचा, कारण हे मला ठाऊक होतं. गावात कुणाला ठाऊक नसतं? मामांना ठाऊक होतं, हॉलमधल्या निम्म्या पोरांना ठाऊक होतं. धुरात इथिलीन असतंच, म्हणून तर धुरी देतात. पण लॅबमध्ये पाऊल टाकलं की घरचं शहाणपण आम्ही चपलांबरोबर बाहेर काढून ठेवत होतो. सरांनी तर सगळा संशय जिवाणूंवर घेतला होता. जिवाणूंशिवाय नुसत्या धुराची बाटली ठेवायची त्यांना सुचलीच नाही, कारण धुरावर संशय घ्यावा असं त्यांना वाटलं नव्हतं.

सर व्यासपीठावरून खाली उतरले, चाचांपाशी गेले, पेरू शर्टाला पुसला आणि दोन्ही हातांनी त्यांना दिला. "चाचा, माझी एवढी मोठी चूक आजवर कुणी पकडली नव्हती." परत वर जाऊन त्यांनी अंगावरची शाल काढली, नीट घडी घातली आणि प्राचार्यांच्या हातात दिली. "ही ठेवा. बरोबर निघालं तर मागून नेईन."

त्या संध्याकाळी मी लॅबमध्ये बाटल्या धुताना रडत होते. प्रोजेक्ट गेला, वर्ष गेलं, वर हसं झालं. सर आले, फळ्याच्या कोपऱ्यात 'धुरावर विश्वास ठेवला — बागवानचाचा — पेरू दिला' असं ठळक लिहिलं आणि मला म्हणाले, "रडतेस काय वेडे? हरवलेली म्हैस सापडली तर कुणी रडतं का? चूक कुठं आहे ते आता कळलंय."

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. धूर बंद. रसायनशास्त्राच्या सरांना गळ घालून शुद्ध कार्बन मोनॉक्साईड करून घेतला. त्या दिवशी सरांनी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मला आणि मामांना व्हरांड्याच्या पार टोकाला उभं केलं. "हा वायू मुका आहे. वास नाही, रंग नाही. मी म्हातारा आहे, तुम्ही आत यायचं नाही." एरवी चेष्टा करणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज असा होता की मामांनीही उलट उत्तर केलं नाही.

या वेळी बाटल्या तीन. एकीत जिवाणू आणि वायू, एकीत नुसता वायू, एकीत नुसते जिवाणू. बाटल्या काळ्या कागदात गुंडाळून कुठली कोणती ते फक्त मामांनी एका चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी टोपीत ठेवली. न्यायाधीश बागवानचाचा. सरांनी स्वतः जाऊन बोलावणं केलं होतं. "तुमच्या अंगठ्याइतकं चांगलं यंत्र मला मिळायचं नाही."

सहाव्या दिवशी चाचा इस्त्रीचा सदरा घालून आले. सर तोंड फिरवून खिडकीशी उभे राहिले. मामांनी तिन्ही केळी बाहेर काढून एका ताटात मांडली. रंगात म्हणावा तसा फरक नव्हता; एक जरासं फिकट वाटत होतं, तेही मला वाटावं म्हणून वाटत असेल. चाचांनी पहिलं केळं अंगठ्याने देठापाशी दाबलं, हुंगलं, ठेवलं. दुसरं. तिसरं. पुन्हा दुसरं.

"हे," ते म्हणाले. "बाकी दोन दगड हायेत. ह्याला हवा लागलीय. उद्या परवा पिवळं हुईल."

मामांनी टोपीतून चिठ्ठी काढली. "जिवानू आनि वायू," त्यांनी वाचलं आणि एवढा मोठा माणूस टुणकन उडी मारून चाचांच्या गळ्यात पडला. मी ओरडले. सर मात्र खिडकीतून वळले आणि म्हणाले, "एका केळ्यावर काय ठरतं? शंभरात एखादं उगाच आधी पिकतं."

पुन्हा करायला वेळ नव्हता. परीक्षा आल्या, मे संपला, सर निवृत्त झाले. प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर त्यांनी मला एकच वाक्य लिहायला लावलं, 'बहुधा होते, खात्री नाही.' परीक्षकांना ते फार आवडलं नाही, पण मी पास झाले. निरोपाच्या दिवशी प्राचार्यांनी ती शाल परत पुढे केली, तर सर म्हणाले, "अजून नाही." फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी शेवटची ओळ लिहिली, 'तीन बाटल्यांत चूक शोधणाऱ्यास पेरू.' आणि शर्टाच्या खिशातली एक ट्यूब काढून माझ्या हातात दिली. "दर महिन्याला हलवत जा. लग्नकार्य असलं तरी."

आता मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. तिथे ते यंत्र आहे, बोटभर हवा दिली की आत काय काय आहे ते कागदावर काढून दाखवणारं. नोकरीला लागले तेव्हा ते दुसऱ्यांच्या कामाला जुंपलेलं असायचं आणि माझ्या केळ्यांच्या गोष्टीवर तिथले लोक हसायचे. ट्यूब मात्र मी हलवत राहिले. केडगावला चुलतभावाच्या हळदीच्या दिवशीच हलवायची तारीख आली, तेव्हा मी हळद लागलेल्या साडीवर पुण्याला परत आले. आई म्हणाली, "येड लागलंय हिला." मला त्याचं काही वाटलं नाही, कारण कुणाचं वेड आहे ते मला माहीत होतं.

या वर्षी उन्हाळ्यात यंत्र आठवडाभर मोकळं मिळालं. मी बाटल्या आम्लाने तीनदा धुतल्या. जिवाणू आणि वायू, नुसता वायू, नुसते जिवाणू, आणि उकळून मारलेले जिवाणू अधिक वायू अशी चौथी बाटली माझ्या मनाने घातली. प्रत्येक बाटली पाच पाच वेळा लावली. चूक सापडावी म्हणून मी जंग जंग पछाडलं. पहिल्या बाटलीच्या प्रत्येक कागदावर इथिलीनच्या जागी एक छोटं, नेटकं शिखर आलं. बाकी तिन्हींत त्या जागी सपाट रेघ.

मी पुणतांब्याला फोन लावला.

"चूक सापडली का?" सरांनी नमस्काराच्या आधी हेच विचारलं. इतक्या वर्षांनी.

"नाही सर. खूप शोधली. नाही सापडली. तो करतो, सर. आपला करतो."

पलीकडून काकूंचं बोलणं ऐकू आलं, "अहो, काय झालं? डोळ्याला पदर लावू का तुमच्या? कोण गेलं?" आणि सर, आवाज सांभाळत, "कोन न्हाई गं. बरोबर निघालं." मग फोनमध्ये खाकरून मला म्हणाले, "हे बघ, चूक सापडली नाही, म्हणजे तुला पेरू मिळायचा नाही," आणि फोन ठेवून दिला. मी यंत्रासमोर बसून हसत होते आणि रडतही होते, शेजारच्या माणसाने पाणी आणून दिलं.

चार दिवसांनी एका टेम्पोवाल्याने खोकं आणून दिलं. आत पेंढ्यात बारा चिक्कू होते. वर वहीच्या कागदावर सरांचं अक्षर, फळ्यावर लिहीत तसंच ओळीत:

'चूक: पोरीला पेरू मिळायचा नाही असं फोनवर म्हणालो. कुणी पकडली: तुझी काकू. तिने तिचं बक्षीस तुला पाठवायला सांगितलं. पेरू दिला.'

खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, 'शाल आणायला सोनईला चाललोय. बागवानचाचांना सोबत नेतोय, साक्षीला.'

चिक्कू अजून कडक होते. अकरा मी पिकायला डब्यात घातले आणि बारावा बाहेर वेगळा ठेवला, तुलनेसाठी.